तिसरा प्रश्न विचारायचा नाही : सर्व्हिस डॉगच्या हक्कांची गोष्ट

आजच्या भागाचा विषय एका मेसेजवरून सुचला. आपली एक श्रोती टेक्सासमध्ये एमएस करतेय. तिनं तिकडच्या शेल्टरमधून एक मांजर आणलंय. अपार्टमेंटवाले मांजरासाठी वेगळं डिपॉझिट मागतात आणि वर दर महिन्याला ‘पेट रेंट’ म्हणून जादा पैसे. रूममेटनं तिला सल्ला दिला, ‘‘अगं, ऑनलाइन शंभर डॉलर भर, मांजर इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल म्हणून रजिस्टर कर, सर्टिफिकेट येतं, सगळं माफ.’’ आता श्रोतीचा प्रश्न असा, की दादा, हे खरंच कायदेशीर आहे का?

उत्तर एका ओळीत देता येईल, आणि पुढे देतोच. पण हा कायदा कुठून आला ते शोधायला बसलो आणि थेट पहिल्या महायुद्धापर्यंत जाऊन पोचलो. आणि लक्षात आलं, की हा कायदा कुत्र्यामांजरांचा नाहीच. तो माणसांचा आहे. दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही काय विचारू शकता आणि काय विचारू शकत नाही, यावर शंभर वर्षं झगडा चाललाय. हेडफोन लावा, चालू करू.

साल १९१६. जर्मनी. आघाडीवरून रोज अंध झालेले सैनिक परत येताहेत. कुणाचे डोळे तोफगोळ्याच्या तुकड्यांनी गेलेत, कुणाचे विषारी वायूनं. वीस-बावीस वर्षांची पोरं, म्हणजे आत्ता हा भाग ऐकणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वयाची. त्यांचं पुढे करायचं काय? गेऱ्हार्ड श्टालिंग नावाच्या डॉक्टरनं ओल्डेनबुर्ग या गावात कुत्र्यांना शिकवून अशा सैनिकांच्या हाती द्यायची शाळा काढली. आंधळ्या माणसासोबत कुत्रा हे चित्र त्याआधीही शेकडो वर्षं होतं, जुन्या युरोपियन चित्रांमध्ये दिसतं. पण पद्धतशीर शिक्षण, परीक्षा, मग माणूस आणि कुत्रा यांची जोडी लावून दोघांचा एकत्र सराव, हे इथून सुरू झालं. पुढे १९२३ मध्ये पॉट्सडॅमला मोठी शाळा निघाली.

आता कॅमेरा स्वित्झर्लंडवर. व्हेवे गावाच्या वर डोंगरात डोरोथी हॅरिसन युस्टिस नावाची एक श्रीमंत अमेरिकन बाई जर्मन शेफर्ड कुत्री पाळून त्यांना पोलिसी आणि लष्करी कामासाठी तयार करत होती. तिनं पॉट्सडॅमची शाळा बघितली, भारावून गेली आणि ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकात एक लेख लिहिला. ५ नोव्हेंबर १९२७ च्या अंकात तो छापून आला. लेखाचं नाव होतं ‘द सीइंग आय’, म्हणजे बघणारा डोळा.

अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात, एका वडिलांनी तो लेख आपल्या मुलाला वाचून दाखवला. मुलाचं नाव मॉरिस फ्रँक. सहा वर्षांचा असताना घोड्यावर बसला होता, झाडाची फांदी लागून एक डोळा गेला. सोळाव्या वर्षी बॉक्सिंग खेळताना दुसरा. म्हणजे नशीब बघा. तर हा मॉरिस विशीच्या उंबरठ्यावर होता, कॉलेजात शिकत होता, सोबत विम्याच्या पॉलिसी विकायचा. वाट दाखवायला एक मुलगा पगारी ठेवला होता. त्याला कंटाळा आला की तो मॉरिसला आहे तिथे सोडून निघून जायचा. कल्पना करा, भर शहरात, वाहनांचा आवाज, आणि आपलं बोट धरणारा गायब.

मॉरिसनं युस्टिसबाईंना पत्र लिहिलं. मला असा कुत्रा मिळवून द्या, मी तो इकडे आणून दाखवतो आणि माझ्यासारख्या बाकीच्यांनाही मिळतील अशी व्यवस्था करतो, असा त्याचा साधारण मतलब. बाईंनी बोलावलं. १९२८ साली तो बोटीनं युरोपला निघाला. आणि इथला तपशील मला विसरता येत नाही. अंध माणूस एकटा प्रवास कसा करणार, म्हणून त्याला अमेरिकन एक्सप्रेस कंपनीकडे चक्क पार्सल म्हणून सोपवलं गेलं. सामानासारखी नोंद! बोटीवर त्याला मधूनमधून केबिनमध्ये कुलूपबंद ठेवायचे. त्याच्या भल्यासाठीच, अर्थात. दिव्यांग माणसांवरचा निम्मा अन्याय असा भल्यासाठीच झालेला असतो, असं माझं मत होत चाललंय.

तिथे त्याला एक जर्मन शेफर्ड कुत्री मिळाली. नाव होतं किस. एका तरण्याताठ्या पोरानं चारचौघांत ‘किस, किस’ अशा हाका मारायच्या? त्यानं नाव बदलून बडी ठेवलं. (पुढे आयुष्यभर त्यानं एकामागून एक जेवढी गाइड डॉग बाळगली, त्या सगळ्यांचं नाव बडीच.) शिकवणी झाली आणि ११ जून १९२८ ला दोघं न्यूयॉर्कला उतरले. बंदरावर पत्रकार जमलेले. त्यांनी आव्हान दिलं, हा समोरचा वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखव. वेस्ट स्ट्रीट म्हणजे बंदराचा रस्ता, ट्रक, टॅक्सी, घोडागाड्या, सगळं अंगावर येणारं. ज्यांनी दादरला संध्याकाळी सहा वाजता रस्ता ओलांडलाय त्यांना कळेल. मॉरिसनं हार्नेसची मूठ धरली आणि बडीवर सोडून दिलं. ती थांबली, मागे सरली, पुढे झाली, आणि दोघं पलीकडे पोचले. त्यानं युस्टिसबाईंना तार केली. तारेत एकच शब्द होता : यश.

२९ जानेवारी १९२९ ला नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली. पुढे ती न्यूजर्सीत गेली आणि आजही तिथे मॉरिसटाउनला चालू आहे.

इथपर्यंतची गोष्ट सिनेमासारखी आहे, हो ना? पण कायद्याची गोष्ट खरी तर इथून सुरू होते. कारण बडी रस्ता ओलांडू शकत होती, हॉटेलचं दार ओलांडू शकत नव्हती. ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ ही पाटी सगळीकडे. रेल्वेत तर ठरलेलं उत्तर : कुत्रा सामानाच्या डब्यात जाईल. म्हणजे ज्याच्या डोळ्यांचं काम कुत्री करते, त्याचे डोळे सामानाच्या डब्यात आणि तो स्वतः प्रवाशांच्या. मॉरिस गावोगाव फिरला, भाषणं दिली, कंपन्यांच्या साहेबांना भेटला. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या रेल्वे कंपन्यांनी गाइड डॉगला मालकाशेजारी बसू द्यायचं मान्य केलं. १९३८ च्या मे महिन्यात युनायटेड एअरलाइन्सनं विमानात परवानगी दिली. त्याच महिन्यात, २३ मे रोजी, बडी गेली. १९५६ पर्यंत सगळ्या राज्यांमध्ये गाइड डॉगला सार्वजनिक ठिकाणी येऊ देणारे कायदे झाले होते.

पण हे सगळं कुणासाठी? अंधांसाठी. ज्याच्या हातात पांढरी काठी आहे, डोळ्यांवर काळा चष्मा आहे, ज्याचं अपंगत्व बघताक्षणी कळतं त्याच्यासाठी. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात बॉनी बर्गिन या बाईंनी व्हीलचेअरवर असणाऱ्यांसाठी कुत्री तयार करायला सुरुवात केली. दिवा लावणं, पडलेली वस्तू उचलून देणं, दार उघडणं, अशी कामं. मग बहिऱ्यांसाठी कुत्री आली, दाराची बेल किंवा बाळाचं रडणं ऐकून मालकाला हलवून सांगणारी. अपस्माराचे झटके येणाऱ्यांसाठी आली. आणि इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांनंतर पीटीएसडी असलेल्या सैनिकांसाठी आली, भयानक स्वप्न पडलं की उठवणारी, गर्दीत मागून कुणी अंगाला भिडू नये म्हणून पाठीशी उभी राहणारी. या शेवटच्या माणसाला बघून तुम्हाला काय कळणार? धडधाकट दिसतो. मग हॉटेलवाला विचारणारच, ‘‘तुला काय झालंय? कागद दाखव.’’

तो कागद हाच सगळ्या भांडणाचा गाभा आहे.

अमेरिकेतल्या दिव्यांगांनी आपले हक्क भीक मागून मिळवले नाहीत, हे आधी सांगितलं पाहिजे. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात ५०४ नंबरचं कलम होतं : सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेनं दिव्यांगांशी भेदभाव करायचा नाही. पण त्याचे नियम सरकार काढेचना. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत शंभरहून जास्त लोक जाऊन बसले ते तीन आठवड्यांहून अधिक दिवस हललेच नाहीत. जूडी ह्यूमन त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. आत जेवण पोचवलं ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी. नियम निघाले. मग १२ मार्च १९९० ला वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या पायऱ्यांसमोर व्हीलचेअर आणि कुबड्या टाकून साठेक माणसं त्या पायऱ्या हातांवर, गुडघ्यांवर चढून गेली. त्यात आठ वर्षांची एक मुलगी होती. त्याच वर्षी २६ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’वर सही केली. तिकडे सगळे त्याला ‘एडीए’ म्हणतात.

एडीएचे नियम १९९१ मध्ये आले. सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे कोण? ज्या प्राण्याला त्या दिव्यांग व्यक्तीसाठी एखादं काम करायला खास शिकवलंय तो. आणि अशा प्राण्यासोबत आलेल्या माणसाला दुकानदार, हॉटेलवाला, दवाखाना किती प्रश्न विचारू शकतो? हळूहळू ठरत गेलं आणि २०१० मध्ये न्याय खात्यानं ते स्पष्ट लिहून टाकलं : दोन. पहिला, हा प्राणी तुमच्या अपंगत्वामुळे लागतो का? दुसरा, त्याला काय काम करायला शिकवलंय? बस्स. तुम्हाला कुठला आजार आहे, हे विचारायचं नाही. सर्टिफिकेट मागायचं नाही. ‘करून दाखव’ म्हणायचं नाही. आणि तेसुद्धा उघड दिसत नसेल तरच विचारायचं. अंध माणसाला कुत्रा वाट दाखवतोय हे समोर दिसत असताना हे दोन प्रश्नही नाहीत.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्यातला भारतीय माणूस दचकला. कागदच मागायचा नाही? आपल्याकडे सवलतीचं तिकीट हवं तर प्रमाणपत्र, त्याची झेरॉक्स, झेरॉक्सवर सही-शिक्का. आणि इथे जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाचा कायदा म्हणतोय, की माणूस सांगतो ते ऐका. पण जरा विचार केला की पटतं. ओळखपत्र सक्तीचं केलं, की ते देणारं ऑफिस आलं, फी आली, रांग आली. सीइंग आयसारख्या संस्थेची प्रतीक्षा यादी असते, म्हणून कित्येक दिव्यांग आपला कुत्रा स्वतःच शिकवतात, आणि एडीए त्यालाही परवानगी देतं. ओळखपत्राची सक्ती आली तर सगळ्यात आधी गरीब माणूस बाहेर पडतो. आणि त्याहून मोठं म्हणजे, दूध आणायला दुकानात जाताना आपला आजार रोज काउंटरवर मांडायचा ही शिक्षा आहे. बाकी कुठल्याच गिऱ्हाइकाला ती नाही.

अर्थात, विश्वासाला मर्यादा आहेत. कुत्रा भुंकतोय, लोकांच्या अंगावर जातोय आणि मालकाला आवरत नाहीये, किंवा त्यानं दुकानात घाण केली, तर कुत्र्याला बाहेर काढायला सांगता येतं, मग तो कितीही खरा सर्व्हिस डॉग असो. माणसाला मात्र सेवा नाकारता येत नाही. ‘आमच्या स्टाफला कुत्र्याची भीती वाटते’ किंवा ‘अ‍ॅलर्जी आहे’ ही कारणं चालत नाहीत.

याच २०१० च्या नियमांत आणखी एक मोठा बदल झाला. आधी ‘कुठलाही प्राणी’ असं होतं, आता फक्त कुत्रा. का? कारण लोक काय काय घेऊन यायला लागले होते. २००८ च्या मसुद्यात सरपटणारे प्राणी, ससे, मुंगूस जातीतलं वाटावं असं ते फेरेट, उंदीर-घुशी अशी वगळायची यादीच दिली होती. पण वगळले गेले त्यांत माकडंही होती. बॉस्टनमध्ये १९७९ पासून कॅपुचिन जातीची छोटी माकडं शिकवून हातपाय लुळे पडलेल्या माणसांना दिली जात होती. बाटलीचं झाकण उघडणं, पुस्तकाचं पान उलटणं, ही कामं कुत्र्याला जमत नाहीत, माकडाला जमतात. सार्वजनिक ठिकाणी त्यांचा हक्क गेला.

आणि एक प्राणी मात्र मागच्या दारानं आत राहिला : घोडा! हसू नका. मिनिएचर हॉर्स, म्हणजे साधारण दोन ते पावणेतीन फूट उंचीचा बुटका घोडा. त्याला सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हटलेलं नाही, पण वेगळ्या कलमात लिहिलंय की जागा, वजन, शिस्त बघून शक्य असेल तिथे त्यालाही येऊ द्या. कारण ऐकण्यासारखं आहे. काहींना कुत्र्याची अ‍ॅलर्जी असते, काहींच्या धर्मात कुत्रा चालत नाही. शिवाय घोडा तीस वर्षं जगतो. अंध माणसाला आठ-दहा वर्षांनी नवा कुत्रा घ्यावा लागतो, पुन्हा सगळं शिकायचं, पुन्हा तो जीव गमवायचा. तो बुटका घोडा तेवढं दुःख वाचवतो.

आता एका खटल्याबद्दल जरा निवांत सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात सुंदर युक्तिवाद त्यात आहे. मिशिगन राज्यात एहलेना फ्राय नावाची मुलगी. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, हालचाल कठीण, पण बुद्धी शाबूत. डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिला एक कुत्रा मिळाला, गोल्डनडूडल जातीचा. नाव वंडर. तो पडलेल्या वस्तू उचलून द्यायचा, दारं उघडायचा, दिवे लावायचा, कोट काढायला मदत करायचा, टॉयलेटवर बसता-उठताना तिला आधार द्यायचा. २००९ मध्ये शाळा म्हणाली, कुत्रा नको. आम्ही तिला मदतनीस बाई दिली आहे, ती सगळं करते. मग काही महिने चाचणी म्हणून येऊ दिला, तर वर्गात मागे, तिच्यापासून लांब बसवायचा. म्हणजे पुन्हा तोच सामानाचा डबा.

शाळेचं म्हणणं वरवर बघता बरोबर वाटतं. मदत मिळतेय ना, मग कोणाकडून मिळते यानं काय फरक पडतो? पण एक मुलगी रोज दुसऱ्या बाईच्या हातानं टॉयलेटला जाणार, की आपल्या कुत्र्याच्या आधारानं स्वतः? फरक एवढाच आहे, आणि तो प्रचंड आहे. आईवडिलांनी तक्रार केली, शिक्षण खात्यानं २०१२ मध्ये ती खरी ठरवली, पण त्यानंतर त्यांनी मुलीला दुसऱ्या शाळेत घातलं. तिथे वंडरचं स्वागत झालं. मग जुन्या शाळेवर नुकसानभरपाईचा दावा. खालची कोर्टं म्हणाली, हा शिक्षणाचा मामला आहे, विशेष शिक्षणाच्या कायद्यातली लांबलचक प्रक्रिया आधी पुरी करा, मग या. प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं.

२२ फेब्रुवारी २०१७. आठही न्यायाधीश मुलीच्या बाजूनं. निकाल लिहिला एलेना केगन यांनी. त्यांनी सांगितलेली कसोटी अशी : समजा हीच तक्रार शाळेऐवजी सार्वजनिक वाचनालयाबद्दल असती, तर करता आली असती का? समजा शाळेत आलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला, पाहुण्याला, कुत्र्यासकट अडवलं असतं, तर त्याला हीच तक्रार करता आली असती का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर हा शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न नाही, दारातून आत जाऊ देण्याचा प्रश्न असू शकतो. मग त्या लांब प्रक्रियेची सक्ती नाही. कोर्टानं प्रकरण पुन्हा तपासायला खाली पाठवलं. मला यात आवडतं ते हे, की शाळेतल्या लहान मुलीकडे त्यांनी ‘विद्यार्थी’ म्हणून बघण्याआधी ‘नागरिक’ म्हणून बघितलं.

बरं, आता मांजराकडे येऊ. किती वेळ ताटकळत ठेवलंय तिला!

एडीएमध्ये इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमलला जागा नाही. ज्या प्राण्याच्या नुसत्या जवळ असण्यानं बरं वाटतं, त्याला शिकवलेलं काम नाही, म्हणून तो सर्व्हिस अ‍ॅनिमल नाही. रेषा बारीक आहे. पॅनिक अटॅक येणार हे ओळखून मालकाच्या मांडीवर वजन टाकून त्याला सावरायला शिकवलेला कुत्रा सर्व्हिस डॉग. आणि तशाच वेळी फक्त शेजारी बसणारा प्रेमळ कुत्रा इमोशनल सपोर्ट. पहिला मॉलमध्ये जाऊ शकतो, दुसरा नाही.

पण घराचा कायदा वेगळा आहे. १९८८ मध्ये ‘फेअर हाउसिंग’ कायद्यात दिव्यांगांसाठी दुरुस्ती झाली : घरमालकानं नियमांमध्ये वाजवी सूट द्यायची. यात शिकवलेल्या कामाची अट नाही. मानसिक आजार असलेल्या माणसाला मांजरामुळे जगणं सुसह्य होत असेल, तर ‘पाळीव प्राणी नकोत’ या नियमातून सूट मागता येते. आणि मग तो प्राणी ‘पेट’ धरला जात नाही, त्यामुळे पेट डिपॉझिट नाही, पेट रेंट नाही. (त्यानं सोफा फाडला तर भरपाई मात्र द्यावी लागते.) हॉस्टेललाही हे लागू आहे का, यावर नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी कॅम्पसवर खटला झाला. चिंतेच्या आजारासाठी छोटा कुत्रा ठेवू देत नव्हते. २०१३ मध्ये कोर्ट म्हणाले, विद्यार्थ्यांची राहायची जागा हेही घरच. २०१५ मध्ये विद्यापीठानं १ लाख ४० हजार डॉलर देऊन तडजोड केली.

विमानांचा तिसरा कायदा, १९८६ चा. वाहतूक खात्यानं २००३ मध्ये इमोशनल सपोर्ट प्राण्यांनाही विमानात जागा दिली, फक्त डॉक्टरचं पत्र हवं. झालं! इंटरनेटवर पत्रं विकणारी दुकानं निघाली. पाच मिनिटांची प्रश्नावली भरा, कार्डावर पैसे द्या, पत्र ईमेलवर. पाळीव कुत्र्याला विमानात न्यायचे शंभर-सव्वाशे डॉलर वाचतात म्हटल्यावर कोण सोडतंय? विमान कंपन्यांच्या संघटनेचा आकडा होता, की २०१७ या एका वर्षात असे साडेसात लाख प्राणी उडाले. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आली. युनायटेडनं त्याला चढू दिलं नाही. मोराचे फोटो जगभर फिरले, तुम्हीही पाहिले असतील. सगळे हसले.

पण त्या हसण्याची किंमत कोणी मोजली? ज्याच्या कुत्र्याला दोन वर्षं शिकवलंय, त्या अंध माणसानं. विमानात भलत्याच कुणाचा न शिकलेला कुत्रा गाइड डॉगवर भुंकतो, चावतो. एकदा चावा बसला, कुत्रा घाबरला, की त्याचं काम संपू शकतं. आणि दुसरी किंमत मोजली खऱ्याखुऱ्या मानसिक रुग्णांनी, ज्यांना आता सगळे संशयानं बघायला लागले. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते हे असं. वाहतूक खात्यानं नियम बदलायला घेतले तेव्हा पंधरा हजारांच्या आसपास लोकांनी मतं कळवली. ११ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेच्या विमानांत सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे फक्त शिकवलेला कुत्रा. मानसिक आजारासाठी शिकवलेला कुत्राही त्यात बरोबरीनं धरला, ही चांगली गोष्ट. इमोशनल सपोर्टवाले प्राणी कंपनीच्या मर्जीवर, म्हणजे जवळपास बाहेरच. आणि प्रवाशाला सरकारी फॉर्म भरून द्यावा लागू शकतो : कुत्र्याची तब्येत, वर्तन, शिक्षण. खोटं लिहिलं तर गुन्हा.

बघा, काय झालं. दुकानाच्या दारात जो तिसरा प्रश्न विचारायला मनाई आहे, तो विमानतळावर आता विचारला जातो. ‘कागद दाखवा.’ फसवणाऱ्यांनी तो आणला आणि भरायचा मात्र फ्रँकच्या वारसांनी. मला विमान कंपन्यांची अडचण कळते. तरी हा बदल हक्कांच्या बाजूनं झालेला नाही, असंच मी म्हणेन.

तर श्रोतीताई, तुझं उत्तर. अमेरिकेत सर्व्हिस किंवा सपोर्ट प्राण्यांची केंद्र सरकारची कुठलीही नोंदणी अस्तित्वात नाही. त्यामुळे ‘रजिस्टर’ करून देणारी वेबसाइट तुला शंभर डॉलरला एक रंगीत कागद विकतेय. गृहनिर्माण खात्यानं जानेवारी २०२० मध्येच लिहून ठेवलं होतं, की असं ऑनलाइन विकत घेतलेलं सर्टिफिकेट म्हणजे गरज सिद्ध झाली असं नव्हे. कॅलिफोर्नियात २०२२ पासून नियम आहे, की पत्र देणाऱ्या तज्ज्ञाशी रुग्णाची निदान तीस दिवसांची ओळख हवी. तुझ्या टेक्सासात २०२३ पासून, न शिकवलेला प्राणी सर्व्हिस अ‍ॅनिमल आहे असं खोटं सांगितलं तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि वर समाजसेवेची शिक्षा. स्टुडंट व्हिसावर असताना असली भानगड अंगाशी घ्यायची? मांजर आवडतं म्हणून पेट रेंट भर, किंवा पेट रेंट न घेणारं घर शोध.

मात्र तुला खरंच त्रास होत असेल, झोप लागत नसेल, घरापासून लांब राहून मन खचत असेल आणि त्यावर उपचार चालू असतील, तर लाजू नकोस. विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा. तुला ओळखणाऱ्या, तुझ्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचं पत्र घे आणि अपार्टमेंटवाल्यांना लेखी विनंती कर. तो तुझा हक्क आहे, मेहेरबानी नाही. एक अपवाद लक्षात ठेव : घरमालक स्वतः राहतो अशा चार किंवा कमी घरांच्या छोट्या इमारतीला हा केंद्रीय कायदा लागू होत नाही. आपली बरीच पोरं अशाच कुणाच्या तरी घरात खोली घेऊन राहतात, म्हणून सांगितलं.

‘आपल्याकडे काय?’ हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा समानतेची आणि वाजवी सोयींची भाषा बोलतो, मानसिक आजारालाही अपंगत्वात धरतो, पण सर्व्हिस डॉग म्हणजे काय, त्याला कुठे अडवायचं नाही, हे एडीएच्या नियमांसारखं उलगडून सांगत नाही. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळानं सांगितलंय, पण तो मुद्दा प्राणी पाळण्याचा आहे. दिव्यांग माणसाच्या हक्काचा नाही. या विषयावर एक वेगळा भाग करायचा विचार आहे. गाइड डॉग वापरणारं किंवा वापरायची इच्छा असणारं कुणी ऐकत असेल, तर जरूर मेसेज करा.

आणि न्यूजर्सीतल्या आपल्या श्रोत्यांसाठी एक काम. एडिसनहून मॉरिसटाउन काही फार लांब नाही. तिथल्या चौकात, ज्याला ते ‘ग्रीन’ म्हणतात, २००५ मध्ये बसवलेला एक ब्राँझचा पुतळा आहे : मॉरिस फ्रँक आणि बडी, दोघंही चालताना. माझी आतेबहीण तिकडेच राहते. ती सांगत होती, की आठवड्याच्या कुठल्याही दिवशी गेलं तर पुतळ्याच्या आसपासच्या फुटपाथवर खरी कुत्रीही दिसतात, हार्नेस घातलेली, सिग्नलला थांबायला शिकणारी. त्यांना हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, फोटोसाठी ‘शुक शुक’ तर अजिबात करायचं नाही. ती ड्युटीवर असतात.

चला, भेटू पुढच्या बुधवारी.